नंबराला गॉगल

गॉगलशेठचं दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा, पुढे काउंटर, आणि काउंटरमागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली काळी, धुरकट, निळसर कव्हरं. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर बसवायची. गावात कुणी त्यांना कव्हर म्हणत नसे. ‘शेठ, गाडीला गॉगल घाला,’ असंच म्हणायचे, आणि त्यावरूनच शेठला ते नाव चिकटलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी एक गिऱ्हाईक नवीकोरी गाडी घेऊन आलं आणि पहिलाच प्रश्न वाकडा विचारला.

“हे कायद्यात बसतं का हो?”

“कायद्यात बसत नाही, प्लेटवर बसतं,” शेठ स्क्रू दातांत धरून म्हणाला. “चिखल उडतो, खडा लागतो, उन्हानं रंग उडतो. नंबराची काळजी घ्यायला नको?”

“पण पोलिसानं धरलं तर?”

“धरलं तर म्हणायचं, आधीच्या मालकानं बसवलंय.”

“गाडी नवी आहे!”

“मग तोंड जुनं कर आणि म्हण. घ्यायचंय का नाही? उगाच खल करत बसू नकोस.”

गिऱ्हाइकाशी असं वसकन बोलायची शेठला सवयच होती, आणि गंमत म्हणजे त्यानं गिऱ्हाईक तुटत नसे. कायदा काय सांगतो ते त्याला पाठ होतं. नंबरावर काहीही चढवायचं नाही, काळं नाही, पांढरं नाही, पारदर्शकसुद्धा नाही. कव्हराचा उपयोग किती, तेही तो जाणून होता. पहिल्याच पावसात आत पाणी शिरतं, ते बाहेर पडत नाही, प्लेट कुजते, स्क्रू गंजतात. चौकातल्या कॅमेऱ्याला कधी चकवा बसतो, कधी नाही. रस्त्यावरच्या माणसाला मात्र दहा पावलांवरून एक आकडा दिसेल तर शपथ. आणि लोक पैसे मोजत होते ते त्याचेच.

प्रत्येक कव्हराच्या खालच्या कडेला शेठ एक पांढरा स्टिकर डकवायचा. त्यावर दुकानाचा फोन नंबर, ठळक, ठसठशीत. जाहिरात नको का? गाडीचा नंबर झाकायचा आणि स्वतःचा मिरवायचा, यात काही चुकतंय असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ते एकदा मीटरवाल्याच्या डोक्यात आलं होतं. मीटरवाला म्हणजे विजेचं रीडिंग घ्यायला दर महिन्याला सायकलवरून येणारा वाळका माणूस. दुकानातला मीटर कोपऱ्यात, त्याच्या काचेवर बोटभर धूळ. तो यायचा, कमरेत वाकायचा आणि म्हणायचा, “काच पुसा. आकडा दिसत नाही.” नमस्कार नाही, चमत्कार नाही. शेठनं पुसली नाही तर तो स्वतःच्या बाहीनं पुसायचा आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचत वहीत उतरवायचा.

“शेठ,” जाता जाता तो म्हणाला होता, “आकडा वाचायसाठी असतो. हा धंदा तुम्हाला एक दिवस भोवेल.”

“तू मीटर वाच. माझं भविष्य वाचू नकोस,” शेठनं त्याला दारातच उडवून लावलं होतं.

तर हा मीटरवाला त्या मंगळवारच्या आदल्याच आठवड्यात गेला. नाल्याच्या वळणावर संध्याकाळी पावणेसातला कुठल्याशा मोटारसायकलनं त्याच्या सायकलला उडवलं आणि गाडी थांबलीच नाही. नंबर कुणी पाहिला नाही. शेठनं बातमी ऐकून ‘अरेरे’ म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मीटरची काच आता महिनाभर पुसावी लागणार नाही, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

मंगळवारी ते गिऱ्हाईक गेलं. ऊन उतरलं. रस्त्यावर खडी वाहणाऱ्या ट्रकांची धूळ लोंबकळत होती आणि दिवा लावावा की नको अशी ती वेळ. तेवढ्यात दुकानातला जुना फोन वाजला.

हा वायरचा फोन होता, कपाटावर पडलेला. शेठचं सगळं काम मोबाइलवर चालायचं. जुना फोन वाजून दोन वर्षं झाली असतील. शेठनं रिसीव्हर उचलला.

आधी नुसती घरघर. मग ओल्या मातीचा वास आला. फोनमधून वास येत नाही हे शेठलाही माहीत होतं, म्हणून त्यानं दाराकडे पाहिलं. बाहेर कोरडी ठाक धूळ.

“कोण बोलतंय?”

“काच पुसा...”

शेठची नजर कोपऱ्यातल्या मीटरकडे गेली.

“आकडा दिसत नाही... काच पुसा.”

त्यानं रिसीव्हर आदळला. पडद्याआडून बायकोनं विचारलं, “कोण होतं?” “राँग नंबर,” तो म्हणाला. ती पुढं काहीच बोलली नाही. एरवी ती तीन प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसे. गेला आठवडाभर मात्र ती अशीच होती, मुकी, आणि भांडी घासताना मध्येच हात थांबवून बसणारी.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला फोन पुन्हा वाजला.

“हाच एक नंबर दिसला... मी त्याच नंबराशी येणार. गाडीचा सांगा... नाहीतर तुमचाच धरतो.”

“अरे, मी काय केलंय? मी दुकानातून हललोही नाही!”

“नाल्यापासून निघालोय. आता शाळेच्या भिंतीशी आहे.”

शाळा दुकानापासून अर्ध्या मैलावर. शेठनं वायर उपटून टाकली. गुरुवारी पावणेसातला उपटलेल्या वायरीचा फोन वाजला. शेठनं तो उचललाच नाही, पण वाजणं थांबल्यावर रिसीव्हरच्या भोकांतून आवाज आला, अगदी शांत, वहीत उतरवावा तसा.

“पिठाच्या गिरणीशी...”

गिरणी तीन घरं सोडून होती.

शुक्रवारी सकाळी शेठचा मेव्हणा आला. मेव्हणा वाहतूक हवालदार. दाजी-मेव्हण्याचं कधीच पटलं नाही. मेव्हणा चौकात उभा राहून ज्या कव्हरांबद्दल लोकांच्या पावत्या फाडायचा, ती दाजीच्याच दुकानातली असायची, आणि दोघंही एकमेकांना चोर म्हणायचे. तरी हवालदाराच्या स्वतःच्या गाडीला गॉगल होताच. फुकटचा.

“दाजी, तोंड का सुकलंय?” हवालदार काउंटरवर टोपी टाकत म्हणाला.

शेठनं सगळं सांगितलं. हवालदार हसला, पण हसू गालापर्यंतच गेलं.

“कुणीतरी टवाळी करतंय. पण एक सांगून ठेवतो. मीटरवाला जाताना एक नंबर बडबडत होता. मी पहिला पोचलो होतो तिथं. तो गाडीचा नंबर नव्हता, तुमच्या या फोनचा होता. मी कागदावर घेतलाच नाही. नाहीतर आज आत असता. उपकार माना आणि गप्प राहा.”

“मोबाइलचा सांगितला की या जुन्या फोनचा?”

“याचाच. शेवटचे आकडे मी ओळखले ना!”

हवालदार निघून गेला आणि शेठ स्टुलावर बसून हिशोब करू लागला. जुन्या फोनचा नंबर त्यानं फक्त पहिल्या घाण्याच्या स्टिकरांवर छापला होता. पहिल्या घाण्यात कव्हरं झाली तीनच. एक त्याच्या स्वतःच्या गाडीवर, जी नमुना म्हणून वर्षभर दुकानापुढं उभी होती आणि जिच्या चाकांत हवाही नव्हती. दुसरं पंक्चरवाल्याच्या गाडीवर, ती मागेच भंगारात गेलेली. आणि तिसरं...

पडदा हलला. बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“त्या दिवशी तू माहेराहून कशी आलीस?” शेठनं विचारलं.

तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. “त्यानंच सोडलं. गाडीवर.”

“आणि नाल्याशी?”

“मी थांब म्हटलं. दोनदा म्हटलं. मला इथं कोपऱ्यावर उतरवून तो परत फिरला. मला वाटलं, दवाखान्यात न्यायला चाललाय. त्यानं आधी वाटेत थांबून गाडीवरचा स्टिकर खरवडला. नाल्याशी पोचला तोवर लोक जमले होते, म्हणून मग पहिला पोचलेला हवालदार झाला.”

“आठवडाभर गप्प बसलीस?”

“पाठचा भाऊ आहे माझा! आणि तुम्ही? त्याला झाकलं कुणी? माझ्यावर डोळे काय वटारताय!”

मोठी पंचाईत होती. नंबर सांगावा तर मेव्हण्याचा घात, न सांगावा तर गिरणीनंतर चौथं घर आपलंच.

“पोलिसात जायचं?” तो पुटपुटला.

“तिथं कोण बसलंय?” बायको म्हणाली. “त्यालाच बोलवा. त्याच्या तोंडानं सांगू दे.”

तिनंच भावाला निरोप धाडला. तो ड्यूटी संपवून आला तेव्हा सहा चाळीस झाले होते. गाडी दारात लावून तो कुरकुरतच आत शिरला.

“ताई, आता काय नवीन नाटक?”

“फोन येईल. तू उचल. तूच होतास म्हणून सांग.”

हवालदारानं बहिणीकडे पाहिलं, मग दाजीकडे. चेहरा एकदम कडू झाला. “हिनं सांगितलं तर. बरं! सिद्ध करा. नंबर कुणी पाहिलाय? मी कुठलाही फोन उचलत नाही.”

उपटलेला फोन वाजला.

हवालदार भिंतीला लागला. बायकोनं पुढं होऊन रिसीव्हर उचलला आणि कानापासून थोडा दूर धरला. ओल्या मातीचा वास दुकानभर पसरला. त्यात जळक्या रबराचाही होता.

“पायरीशी आलोय...”

पायरीवर कुणी नव्हतं. पायरीवरची धूळ मात्र एका जागी दबली, कुणी टाच ठेवावी तशी.

शेठ काय करतोय हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बाहेर, मेव्हण्याच्या गाडीमागे उकिडवा बसला.

“दाजी, गाडीला हात लावू नका! दाजी, सांगून ठेवतो!” हवालदार धावला, पण बहीण दारात आडवी उभी राहिली. एका हातात रिसीव्हर, दुसरा हात चौकटीला.

“मला ढकलून जा,” ती म्हणाली. “त्याला ढकललंस तसा.”

तो जागीच राहिला.

चार स्क्रू. तीन सुटले, चौथा गंजलेला. शेठच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्याच्या मानेवर, मागून, कुणाचा तरी श्वास लागत होता. कमरेत वाकून बघणाऱ्या माणसाचा लागतो तसा. त्यानं मागे पाहिलं नाही. चौथा स्क्रू करकरला, कव्हर निघालं, आतलं काळं पाणी त्याच्या हातावर सांडलं. शेठनं आपल्याच बाहीनं प्लेट पुसली. आयुष्यात पहिल्यांदा.

“सात...” तो मोठ्यानं वाचू लागला. “शून्य... चार... एक.”

“सात, शून्य, चार, एक,” बायकोनं फोनमध्ये सांगितलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. “आणि मी थांब म्हटलं होतं हो...”

फोनमध्ये कागदावर पेन्सिल खरखरली.

“ऐकलं होतं मी,” आवाज म्हणाला. “घेतला आकडा.”

मानेवरचा श्वास गेला. वास गेला. हवालदारानं टोपी उचलली, बहिणीला शिवी हासडली आणि उघड्या नंबराची गाडी धुरळा उडवत घेऊन गेला. “पुरावा म्हणे! भुतं आणा आता कोर्टात!” हे त्याचं जाता जाताचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी त्याला पहिलं चलन आलं. चौकातल्या कॅमेऱ्याचं. नंबर अगदी स्वच्छ दिसत होता. गुन्हा लिहिला होता: ‘मागे बसलेल्या व्यक्तीने हेल्मेट घातलेले नाही.’

हवालदार एकटा होता. पण फोटो पाठीमागून काढलेला, आणि फोटोत दोन पाठी होत्या. मागची पाठ वाळकी, पुढं झुकलेली. त्यानं कचेरीत जाऊन आरडाओरडा केला. कचेरीवाले म्हणाले, “साहेब, दोघं दिसतायत की.” दुसऱ्या दिवशी दुसरं चलन. मग रोज एक. मागचा माणूस रोज बोटभर पुढं सरकत होता. चौथ्या फोटोत त्याचे हात हवालदाराच्या कमरेभोवती होते. सहाव्यात हँडलवर.

तेव्हा हवालदारानं गाडीला साखळी घातली, रजा टाकली आणि थेट बहिणीकडे राहायला आला. शिव्या संपल्या होत्या. आतल्या खोलीत दार लावून तो दिवसभर बसायचा. शेठनं त्याला हाकललं नाही. सगळी कव्हरं त्यानं केव्हाच जाळली होती, आणि त्या धुराचा खोकला त्याला अजून होता.

तो राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी तरीही चलन आलं. आदल्या संध्याकाळचं, पावणेसातचं, नाल्याच्या वळणावरचं. त्या वळणावर कधी कुणी कॅमेरा बसवलेला नाही. फोटोत पुढं वाळकी पाठ होती. मागे बसलेला हवालदार होता, आणि त्यानं वळून पाहिलं होतं, तोंड उघडं, हाक मारताना असतं तसं.

कागद हातात धरून हवालदार स्वयंपाकघरात आला. ओठ पांढरे पडले होते.

“ताई, काल संध्याकाळी मी इथंच होतो ना गं? तू पाहिलंस ना मला?”

ती पीठ मळत होती. तिनं हात थांबवले.

“पाहिलं नाही रे,” ती म्हणाली. “दार लावलेलं होतं, हे पुढं दुकानात. मी बाहेरूनच विचारलं, चहा टाकू का... तर आतून दोघंही ‘नको’ म्हणालात.”