विझवलेली विहीर

तिन्हीसांजेला भोकरवाडीत देवापुढं दिवा लावायची आता कुणाला घाई नसे. आधी विहिरीवर जायचं, उजेड बघायचा, मग घरी. पाण्याच्या तळातून निळसर हिरवा उजेड हळूहळू वर यायचा, काठाच्या दगडांना लागायचा, वाकून बघणाऱ्यांच्या गालांवर हलत राहायचा. म्हातारी माणसं हात जोडत, नवी जोडपी फोटो काढत. विहिरींना नावंही पडली होती. कुणाची नवरी, कुणाची मोरपिशी.

हा उजेड आभाळातून पडला नव्हता. काही वर्षांपूर्वी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची गाडी गावात आली आणि तिनं प्रत्येक विहिरीत बाटलीभर ‘दीपाणू’ सोडले. डोळ्यांना न दिसणारे हे जीव एरवी पाण्यात निवांत पडून राहतात. पण शेणखताचं, युरियाचं नत्र पिकाला पुरून उरलं आणि झिरपत विहिरीत आलं, की ते उजळतात. नत्र जितकं जास्त, तितका उजेड जास्त. म्हणजे मुळात हा इशारा होता. “विहीर उजळली तर ते पाणी पिऊ नका, आणि खताचा हात आखडता घ्या,” असं गाडीबरोबरच्या बाईंनी चावडीपुढं समजावलं होतं. लोकांनी घाबरून जाऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी रंग मात्र सौम्य निवडला. शहाण्यांची चूकही कधी कधी अशी देखणी असते. लोक घाबरले नाहीतच, ते प्रेमात पडले. पाणी पिऊन कुणा मोठ्या माणसाच्या पोटात दुखलं नाही, आणि बाईंचं बोलणं पुढच्या दिवाळीपर्यंतही टिकलं नाही.

गावात एकट्या हणमंतरावांची विहीर मंद होती. त्यांचं रान सगळ्यात वर, माळाच्या पायथ्याशी. दुसऱ्याच्या शेतातलं पाणी त्यांच्याकडं उतरत नसे. “आप्पा, तुमच्या हिरीची बॅटरी उतरलीया,” असं शेजारचा उत्तम चिडवायचा. हणमंतराव हसण्यावारी न्यायचे, पण मनाला लागायचं. त्यातच त्यांची एकुलती लेक ईश्वरी सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. हणमंतरावांनी मनाशी ठरवूनच टाकलं. नातवंडाचं बारसं विहिरीच्या काठावर करायचं, आणि त्या दिवशी पंचक्रोशीत तिच्यासारखी दुसरी विहीर दिसता कामा नये.

बिरू मेंढपाळ दरसाल त्यांच्या रानात मेंढरं बसवायला यायचा. रात्री कळप शेतात बसतो, लेंड्यांनी जमीन खतावते, म्हणून शेतकरी त्याची वाटच बघत असतात. एरवी कळप एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत सरकत जाई. यंदा हणमंतराव म्हणाले, “बिरू, औंदा मेंढरं हितंच बसव. हिरीच्या उशाला. हलवू नगंस.”

“समदा मुक्काम एकाच जागी?”

“लेकीचं बाळ यायचंय. हीर कशी लखाखली पायजे.”

बिरूचा चेहरा खुलला. “मग बसवतो की! बाळाला माझ्याकडनं आहेर समजा, आप्पा.”

मेंढरं गेल्यावर हणमंतरावांनी त्याच पट्टीत वरून युरिया टाकला आणि पाटानं पाणी सोडलं. जमीन मुरमाड, घेतलेलं फार काळ पोटात ठेवणारी नव्हे. बाळ जन्मलं तोवर विहीर अशी काही उजळली, की उत्तमनं चिडवणं सोडलं आणि तो पाहुण्यांना तिकडं घेऊन येऊ लागला.

ईश्वरीची खाट खिडकीशी होती. संध्याकाळ झाली की विहिरीचा उजेड छताच्या पत्र्यावर लहरायचा. बाळाला कुशीत घेऊन ती पडल्यापडल्या बघत राही. तिला वाटायचं, आपण दोघं एका मोठ्या तळ्याच्या तळाशी आहोत आणि वरून कुणीतरी अलगद हात फिरवतंय. इतकं सुख तिला कधी वाटलं नव्हतं.

तिला दूध मात्र कमी आलं. डब्यातली पावडर कालवून बाटलीनं पाजायची वेळ आली. तिच्या आईनं, शालनबाईंनी, नातवाच्या पाण्याचं सोवळंच मांडलं. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग पार निम्मं आटेपर्यंत उकळायचं. ‘आता यात वाईट काही उरलं नाही,’ असं म्हणून त्या निर्धास्त होत.

सव्वा महिन्यानं बारसं ठरलं. विहिरीच्या काठावर मांडव घातला, पाळणा टांगला. तिन्हीसांज झाली, उजेड वर आला, बायकांचे चेहरे, हिरव्या बांगड्या, पाळण्याची फुलं, सगळं त्या निळाईत बुडून गेलं. पाळणा म्हणताना आवाजसुद्धा पाण्यातून आल्यासारखे वाटत होते. बिरू आपलं नवं घोंगडं पांघरून कौतुकानं उभा होता. बाळ गप्प पडून होतं. “किती शहाणं गं तुझं लेकरू, रडणं ठावंच न्हाई,” बायका म्हणाल्या. नाव सांगायला आत्या बाळाच्या कानाशी वाकली.

“थांबा वन्सं,” ईश्वरी म्हणाली. “आई, याचे ओठ बघ गं.”

“अगं, हिरीचा उजेड हाय त्यो. माझं हात बघ की, निळंच दिसत्यात.”

ईश्वरीनं बाळाला उचललं आणि ती जवळजवळ पळतच घरात गेली. पाठोपाठ शालनबाई. ओसरीवर पिवळा दिवा होता. त्याच्याखाली येताच शालनबाईंचे हात पुन्हा गव्हाळ झाले, ईश्वरीची साडी पुन्हा लाल झाली. बाळाचे ओठ निळेच राहिले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला सुई टोचली. रक्त फारसं तपासावंही लागलं नाही; ते चॉकलेटी दिसत होतं, तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पाणी कुठलं?”

“हिरीचंच. पर मी उकळून देत हुते, पार आटवून,” शालनबाई म्हणाल्या.

“आजी, उकळून जंतू मरतात. नत्र मरत नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं.” डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ होता. “तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं की ते रक्त नासवतं. मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आपण आहोत त्याच हवेत बाळ गुदमरतं.”

हणमंतराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, तरी ते म्हणाले, “हीर म्या उजळली. त्याच्यासाठीच उजळली.” आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

औषधानं बाळाचे ओठ पुन्हा गुलाबी झाले. ईश्वरी त्याला घेऊन परस्पर सासरी गेली. जाताना तिनं बापाला रागाचा एक शब्द ऐकवला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. एवढंच म्हणाली, “आप्पा, कागदावर नाव लागेल. पण कानात सांगायचं राहिलंय, ते तुमच्याच विहिरीवर सांगू. ती विझली, की बोलवा.”

विहीर विझवणं उजळण्यासारखं सोपं नव्हतं. हणमंतरावांनी उकिरडा दूर हलवून पक्क्या खड्ड्यात घातला, वर छप्पर केलं. विहिरीच्या वरच्या अंगाला वाळ्याचं गवत दाट लावलं, म्हणजे झिरपणारं नत्र त्याच्या मुळांनी वाटेतच अडावं. खत द्यायचं ते पिकाला भूक लागेल तसं, थोडं थोडं. बिरू यायचा, मान खाली घालून सांगेल तिथं मेंढरं बसवायचा, आणि एका जागी दुसरी रात्र काढायचा नाही. संध्याकाळी हणमंतराव काठावर एकटे बसत. आता त्यांच्याकडं कुणी येत नसे. “हातानं वैभव घालवलंत, आप्पा,” उत्तम हळहळून म्हणायचा. हणमंतराव त्याला बाळाची गोष्ट सांगत. तो मान डोलवायचा, घरातल्या तान्ह्यापुरतं पाणी विकत आणायचा, आणि उसाला नेहमीसारखाच युरिया घालायचा.

पावसाळे आले, गेले. उजेड फिका होत होत काजव्याएवढा झाला. मग एका तिन्हीसांजेला हणमंतराव वाकले, तर आत काहीच दिसलं नाही. नुसतं गार, काळं पाणी. त्यांनी फोन लावला. “पोरी,” ते म्हणाले, “इझली गं.”

ईश्वरी आली. आत्याही आली. एव्हाना पोरगं दुडूदुडू पळत होतं. आत्यानं त्याला धरून राहिलेलं नाव कानात सांगितलं, त्याला गुदगुल्या झाल्या. हणमंतरावांनी पाणी प्रयोगशाळेतून तपासून आणलं होतं. पोहऱ्यातून एक भांडं भरून त्यांनी नातवापुढं धरलं. त्यानं ते गटागटा पिऊन टाकलं. शालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग पोरानं विहिरीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. अंधार पडत होता. खाली दरीत उत्तमची विहीर उजळली, तिच्यापलीकडं दुसरी, मग तिसरी. सगळं खोरं हळूहळू निळं होत गेलं. पोराचे डोळे चमकले.

“आबा, तिकडं! तिकडं दिवा!” आजोबांचं बोट ओढत ते उताराकडं निघालं.

हणमंतरावांनी तो इवलासा हात घट्ट धरून ठेवला. ज्या उजेडापायी या पोराचा जीव जाता जाता राहिला होता, तोच त्याला हवा होता. अंधाऱ्या पाण्याची गोडी त्याला आता कशी लावायची?