चाफा कशानं मेला?

यशराज त्या शेडनेटखाली चुकून शिरला, हे आधीच सांगून ठेवायला हवं. पुढं त्याच्यावर भलतेच आरोप झाले म्हणून.

तो आला होता उसाची रोपं बुक करायला. निमगाव केतकीत उत्कर्षाच्या अण्णांची नर्सरी होती, आणि तिथं ऊस सोडून दुसरं काही मिळत नव्हतं. फक्त पलीकडचा, शेडनेटचा एक कोपरा अण्णांनी मुलीला दिला होता. उद्यानविद्येची पदवी घेऊन आलेल्या उत्कर्षाला लोकांच्या घरापुढच्या बागा आखून द्यायच्या होत्या. "मार्चपतोर बघ," अण्णा म्हणाले होते. "न्हाय जमलं तर पुण्याच्या कंपनीचं पत्र आलंच हाय." मार्चअखेर त्या पत्राला उत्तर द्यायचं होतं, आणि जानेवारी उजाडला तरी एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

आणि आता हा उंच, उन्हानं रापलेला मुलगा फुललेल्या बोगनवेलीपुढं उभा राहून विचारत होता, "ही गुंठ्याला किती बसत्यात?"

उत्कर्षानं झारी खाली ठेवली. "काय, गुंठ्याला?"

"हीच की... फुलं. लासुर्ण्याला नवं घर बांधलंय. म्होरं चार गुंठं मोकळं हाय. साडेचार फुटी सरी धरली तर—"

तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबलं नाही. "अहो, ऊस नाही लावायचा तुम्हाला. बाग करायचीय ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "व्हय. पण आमाला सरीशिवाय दुसरं काय येत न्हाय."

"मला येतं," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा ठाम कसा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ती टेप, सुतळी आणि वही घेऊन लासुर्ण्याला गेली. झाडांचं ती काही बोललीच नाही. कोण कुठं बसतं, एवढंच विचारत राहिली. यशराजची आई, कौसल्याकाकू, सकाळी भाजी निवडायला ओट्यावर बसायच्या. तिथं त्यांना मोगऱ्याचा वास यायला हवा.

"आणि तुम्ही? संध्याकाळी कुठं बसता?"

"आजवर पायरीवर बसत हुतो," यशराज म्हणाला. "हितनं पुढं... तुमी सांगाल तितं बसीन."

उत्कर्षानं वहीत 'पायरी' असं दोनदा लिहिलं.

तिचा आराखडा साधा होता. या भागात उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा नाही, तेव्हा कमी पाण्याची झाडं लावायची. फाटकाशी बोगनवेल, पायरीजवळ अडेनियम, मधोमध पांढरा चाफा आणि त्याला वळसा घालून जाणारी पाऊलवाट. त्या वळणापायी यशराजच्या तोंडाला फेस आला. त्याच्या हातून फक्कीची रेघ सरळच पडायची. शेवटी तिनं सुतळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि त्याला चालायला लावलं. चालताना त्यानं एकदाही जमिनीकडं पाहिलं नाही, तरी वळण सुरेख आलं.

"पाणी आठवड्यातून एकदा. झारीनं," तिनं निघताना बजावलं. "महिन्याच्या आत रोप गेलं तर बदलून देईन."

पंधराव्या दिवशी अडेनियम गेलं. यशराज मोटरसायकलवर ते पुढ्यात घेऊन आला, बदली रोप घेतलं, चहा घेतला आणि तासभर रेंगाळला. पुढच्या आठवड्यात दोन बोगनवेली गेल्या. त्या दिवशी चहा दोनदा झाला. मग चाफा आला, मान टाकलेला.

नर्सरीत पिशव्या भरणाऱ्या वहिदाभाभी सगळं बघत होत्या. "उत्कर्षा, ह्यो गडी झाडं मारतोय गं," त्या मातीचे हात झटकत म्हणाल्या. "मुद्दाम. दर आठवड्याला यायला कारण नको व्हय?"

"काहीतरीच काय, भाभी!"

पण त्या दिवशी उत्कर्षा विनाकारण दोनदा आरशात डोकावली. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. आपल्यासाठी कुणी चाफा मारावा... रात्रभर ते सुख तिला पुरलं. सकाळी मात्र तिनं दिवस मोजले. पंधरा दिवसांवर त्या घराची वास्तुशांत होती. अख्खा तालुका जेवायला येणार, आणि अंगणात काय बघणार? उत्कर्षानं लावलेली मेलेली झाडं. मग तिला बाग कोण देणार होतं? प्रेमबीम ठीक आहे, पण त्यापायी पुण्याला जायची पाळी यावी? ती तडक स्कूटीवर बसली.

यशराज बंद फाटकाबाहेरच भेटला.

"तुम्हाला भेटायचं असेल तर सरळ भेटायला या," ती एका दमात म्हणाली. "त्यासाठी झाडं मारायची ही कुठली पद्धत?"

"मी?... मी झाडं मारतोय?"

"कोण भेटाया येतंय?" म्हणत कुणीतरी आतून फाटक उघडलं. यशराजचे आजोबा, जोतीरामआबा, धोतर वर खोचून, फावडं घेऊन उभे होते, आणि त्यांच्यामागं उत्कर्षाची सगळी बाग घोटाभर पाण्यात होती. उसाकडं जाणारा पाट आबांनी मधेच फोडून अंगणात घेतला होता.

"आबा, हे काय करताय?"

"दारं धरतुया, पाणी देतुया," आबा कौतुकानं म्हणाले. "दिवसाची लाईट हाय ह्या आठवड्यात, मोटर चालतीया. त्या झाडांनी पानं टाकल्याली बघवंना. जितकी जास्त पानं टाकत्यात तितकं मी पाणी सोडतुया. पर तहान काय भागंना बगा त्यांची."

उत्कर्षाला हसावं की रडावं कळेना. आणि आपण फाटकात उभं राहून काय बोलून बसलो ते आठवून तिला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण आधी काम. तिनं चिखलात उतरून नवा चाफा मुळासकट उपटला आणि काळी पडलेली मुळी आबांच्या नाकाशी नेली. आबांनी वास घेतला. मग मुळी बोटांनी चुरून पाहिली.

"पान्यानं झाड मरतं?"

"काही झाडं मरतात, आबा."

"म्हंजी म्याच मारली म्हनायची." ते पायरीवर बसले. "बाहत्तरच्या दुस्काळात दारातली समदी झाडं वाळली हुती, पोरी. तवाच ठरीवलं, मोटर चालू असताना माझ्या दारात एक बी झाड तहानंलं ऱ्हाणार न्हाय."

त्यांना पायरीवर बसलेलं पाहून उत्कर्षाच्या ध्यानात आलं की हा माणूस इथं बसल्याचं ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं घरातल्या सगळ्यांना कुठं बसता म्हणून विचारलं होतं. आबांना विचारलंच नव्हतं, कारण आबा कधी बसतच नव्हते. तिच्या वहीत सगळे होते, फावडं घेऊन फिरणारे आबा तेवढे नव्हते. चूक एकट्या आबांची नव्हती.

"आबा," ती त्यांच्या शेजारी टेकली, "पाट येतो त्या कडेला एक वाफा करू. कर्दळ, अळू, केळी, सोनटक्का. कितीही पाणी द्या, मरणार नाहीत. तो तुमचा. बाकीच्यांना मात्र झारीनंच, आणि तीही माझ्या हिशेबानं."

"सोनटक्का," आबांनी नाव चाखून पाहिलं. "वास असतुया त्याला?"

"खूप."

आबा उठले आणि पाट बंद करायला गेले.

ती स्कूटीकडं वळली तर यशराज मागं आला. "एक सांगायचंय... दुसऱ्या खेपंलाच कळलं होतं मला, आबा पाणी सोडत्यात म्हणून."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर झाडं जगली असती." तो मान खाली घालून म्हणाला, "मग मी कशापायी आलो असतो तुमच्याकडं?"

दुसरी वेळ असती तर ती विरघळली असती. "माझी पहिली बाग होती ती," ती म्हणाली. "ही गेली असती तर मला पुण्याला जावं लागलं असतं. गंमत तुमची होती, यशराज. पण मरत माझी झाडं होती."

त्याला पत्राचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा एकदम उतरला. तिला वाईट वाटलं, पण ती थांबली नाही.

चिखल वाळल्यावर बाग पुन्हा लावली. वास्तुशांतीला लोक जेवून उठले की हात पुसत अंगणात यायचे, आणि आबा प्रत्येकाला धरून आपला वाफा दाखवायचे. "ह्यो माझा. तिकडं पाणी सोडायचं न्हाय, पोरीनं बजावलंय." पणदऱ्याच्या एका बाईंनी तिचा नंबर घेतला, बारामतीच्या एका डॉक्टरांनीही. यशराज पंगतीत वाढत होता. तिच्या पानाशी आला, भात वाढला आणि वर न बघता पुढं गेला. त्यानंतर दोन आठवडे तो नर्सरीकडं फिरकलाच नाही. मोटरसायकलचा आवाज आला की उत्कर्षाची मान वळायची, आणि वहिदाभाभी न बघितल्यासारखं करत पिशव्या भरत राहायच्या. कुणाची इतकी वाट बघायची तिला सवय नव्हती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो आला. पुढ्यात रोप नव्हतं, हातात पिशवीही नव्हती. शेडनेटच्या दारातच उभा राहिला.

"काय गेलं?" तिनं विचारलं.

"काय बी न्हाय. समदी जगल्यात. चाफ्याला नवं पान आलंय."

"मग?"

"मग... काय न्हाय." त्यानं मोकळ्या हातांकडं पाहिलं, ते कुठं ठेवावेत ते त्याला कळत नसावं. "तुमाला भेटायला आलोय. नुसतं. तुमी पुण्याला जाणार असाल तरी सांगून टाकावं म्हटलं. तुमी मला लय आवडता. चुकलो बी लय. दोन्ही खरं हाय."

उत्कर्षाच्या छातीत धडधडत होतं. ते त्याला ऐकू गेलं तरी चालेल, असं तिला वाटलं.

"पुण्याला 'नाही' म्हणून कळवून टाकलंय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. दोन बागा मिळाल्यात, म्हणून."

"बरं केलं," तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं हे तिला दिसलं. मग काय करावं ते न सुचून तो जायला वळला.

"आणि आता कुठं निघालास?" उत्कर्षा म्हणाली.

तो जागच्या जागी थांबला. दोन महिन्यांत ती त्याला पहिल्यांदाच 'अरे-तुरे' करत होती.

"बस ना," ती म्हणाली. "चहा टाकते. आज मलाही काही काम नाहीये, आणि तुलाही नाही."