दोनवर ठेवलेला पंप

खरं-खोटं करत बसायला मला वेळ नाही. जे पाहिलं ते सांगते. पटत नसेल त्यानं पुढे वाचू नये.

श्रीरामपूरजवळची आमची प्रयोगशाळा. गेल्या फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे साडेआठ.

यीस्टमध्ये बाहेरचा जीन घालून त्याच्याकडून औषधाचं प्रोटीन करून घ्यायचं, हे आमचं काम. पंपानं थेंब थेंब मिथेनॉल पाजलं की तो जीन कामाला लागतो. जास्त झालं की यीस्ट मरतं.

तिप्पट प्रोटीन देणारं यीस्ट माझ्या मैत्रिणीनं बनवलं. लिडियानं. चार वर्षं राबली.

"अगं, आपल्या या साहेबासाठी कशाला मरतेस? सोड ही नोकरी." शंभरदा सांगितलं. तिनं कधी ऐकलं नाही.

डिसेंबरात काविळीनं गेली. महिनाही झाला नाही, साहेबांनी तिच्या संशोधनाच्या पेपरवर स्वतःचं एकट्याचं नाव टाकलं. लाज कोळून प्यायलेला माणूस!

तिच्या शेवटच्या कुपीतलं यीस्ट त्या रविवारी टाकीत वाढत होतं. साहेबांचा फोन आला.

"स्टेला, पंपाचा वेग आठवर कर. उद्या पाहुणे येणारेत, प्रोटीन भरपूर दिसलं पाहिजे."

"मरेल ते, साहेब."

"सांगितलं तेवढं कर."

लिडिया कायम दोनवर ठेवायची. मरू दे, म्हटलं. आठवर केला, कुलूप लावलं, चर्चला गेले.

अकराला परत आले.

टिक... टिक... टिक...

पंप दोनवर होता.

"भागवतमामा, आत कोण गेलं होतं?"

"कोन न्हाई, बाई. मी दारातच हाय की. किल्ली तर तुमच्यापाशी," वॉचमन म्हणाला.

पुन्हा आठवर केला. पाठ फिरवली.

टिक...

टिक...

दोन.

आणि टाकीपाशी लिडियाचं स्टूल... मी स्वतः स्टोअरमध्ये नेऊन ठेवलेलं.

घाबरायच्या आधी माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"लिडिया! मेल्यावरसुद्धा त्याच्यासाठीच राबतेस? नाव त्याचंच लागणार गं! मरू दे ते यीस्ट!"

टिकटिक थांबली.

मग आकडा आपोआप फिरला... पाच... आठ... दहा. पंप घरघरला. मी प्लग उपसला.

पंप चालूच.

बघता बघता मिथेनॉलची बाटली रिकामी झाली.

सोमवारी टाकीतलं सगळं मेलेलं. पाहुण्यांसमोर साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मला हसू यायला हवं होतं.

पण तिची चार वर्षं गेली. तिच्या हातचं आता काहीच उरलं नाही.

ते स्टूल मी रोज संध्याकाळी स्टोअरमध्ये ठेवते. सकाळी रिकाम्या टाकीपाशी असतं...

जन्मभर तिनं माझं एक ऐकलं नाही. त्याच दिवशी का ऐकलं?