चोवीस पोकळ प्रवासी

"तुझा कॉम्प्युटर खोटारडा आणि तूही!" मॅनेजर एवढ्या जोरात ओरडला, की कंट्रोल रूमच्या काचा थरथरल्या.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा रोलर कोस्टर तिच्या आत्याने डिझाइन केला होता, आणि हा माणूस तिलाच अरेतुरे करत होता! बाहेर चाचणीची गाडी दोन टेकड्यांमधल्या खळग्यात अडकून पडली होती. तिला दुसरी टेकडी चढताच आली नव्हती.

"कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये माणसांनी भरलेली गाडी आरामात चढते," आत्या म्हणाली.

"इथे चढली का? उद्या उद्घाटन आहे! सुरुवातीला गाडीला ढकलणाऱ्या मोटरचा वेग वाढव. तीन वाजता पार्कच्या मालकीणबाई येतील, तेव्हा सुरक्षेच्या कागदावर सही हवी. नाहीतर सामान आवर!"

"कारण कळल्याशिवाय वेग वाढवला, तर शेवटी ब्रेक गाडीला थांबवू शकणार नाहीत. उद्या आत माणसं असतील. मी सही करणार नाही."

"मग बस घरी! आणि ही पोरं कशाला आणलीस? चला, चालते व्हा!"

ठिणगी, तिचा चष्मेवाला चुलतभाऊ प्राध्यापक आणि सतत त्यांच्या मागे फिरणारी त्याची धाकटी बहीण शेपूट, अशी तिघांची वरात बाहेर निघाली.

"मी त्याला चावणार आहे," शेपूट म्हणाली.

"रांगेत ये, आधी माझा नंबर!" ठिणगी फणफणली.

कुंपणापलीकडे फिटरकाका अडकलेल्या गाडीतून प्लॅस्टिकचे बाहुले उतरवत होते.

"चाचणीला माणसांऐवजी हे बसवतात," प्राध्यापकाने माहिती पुरवली. "आत पाणी भरलं की एकेक पंचाहत्तर किलोचा!"

"मग काका दोन-दोन काखेत मारून कसे नेतायत?" शेपूटने विचारलं.

प्राध्यापकाने चष्मा सावरून पुन्हा पाहिलं. ठिणगी कुंपणाकडे धावली. "काका, यांच्यातलं पाणी कुठे गेलं?"

काकांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "अगं, झाकणं गळत होती, नव्या सीटा भिजल्या. साहेब भडकले. म्हणाले, डाग पडले तर याद राख, ओतून टाक सगळं! मी म्हटलं, इंजिनिअरबाईंना विचारू का? तर म्हणाले, तिला काय कळतंय!"

"पण हलकी गाडी तर पटकन चढेल ना?" शेपूट गोंधळली.

प्राध्यापकाने दप्तरातल्या दोन बाटल्या काढल्या, एक रिकामी आणि एक पाण्याने भरलेली, आणि रिकामी जोरात फेकली. ती चार पावलांवर फडफडत पडली. मग भरलेली तेवढ्याच जोरात फेकली, ती चांगली वीस पावलं लांब गेली. "बघितलंस? एकाच वेगाने निघाल्या, तरी हलकीला हवा लवकर अडवते! गाडीचंही तसंच!"

"आत्ताच सांगू या!" शेपूट उडालीच.

"तो सगळं काकांवर ढकलून मोकळा होईल," ठिणगी म्हणाली. "त्यालाच दाखवू दे."

तीन वाजता फलाटावर मॅनेजर मालकीणबाईंसमोर आत्याच्या देखत तिच्या नावाने खडे फोडत होता. तेवढ्यात तिघं आत घुसली आणि तिथे रचून ठेवलेल्या बाहुल्यांपैकी एकाला ओढू लागली.

"साहेब, हा बाहुला हलतच नाही हो!" ठिणगी उगाच कण्हली. "खूप जड आहे. तुम्हालासुद्धा नाहीच जमणार!"

"मला? हा किरकोळ बाहुला?" मॅनेजरने तो एका हाताने डोक्यावर उचलला. "बघ!"

"बाप रे! पंचाहत्तर किलो, एका हातात!" ठिणगी ओरडली. शेपूटने टाळ्या वाजवल्या.

मालकीणबाईंनी पुढे होऊन तो बाहुला दोन बोटांनी उचलून पाहिला. "यातलं पाणी कुठे आहे?"

"ते... सीटा भिजत होत्या म्हणून..." मॅनेजर तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

आत्याने लॅपटॉप उघडला आणि प्रवाशांच्या वजनाच्या रकान्यात शून्य टाकलं. पडद्यावरची गाडी दुसऱ्या टेकडीवर निम्मी चढली, मागे घसरली आणि बरोब्बर त्याच खळग्यात थांबली!

मग गाडी फलाटावर ओढून आणली आणि चोवीसही बाहुले पाण्याने भरून झाकणं घट्ट बसवली. गाडी सुटली, दुसरी टेकडी ओलांडून गेली आणि ब्रेकवर अलगद थांबली. फिटरकाकांनी टोपी हवेत उडवली.

"शाबास रे पोरांनो!" मालकीणबाई म्हणाल्या. मग त्या मॅनेजरकडे वळल्या. "बाईंची माफी मागा. आणि तुम्हाला डागांची फार काळजी ना? मग सगळ्या सीटा पुसा. स्वतःच्या हाताने."

"माफ करा... मॅडम," मॅनेजर दात आवळून म्हणाला. ठिणगीचा राग तसूभरही कमी झाला नाही.

आत्याने सही केली आणि पेन ठिणगीच्या हातात दिलं. "मी दिवसभर स्क्रीनकडेच बघत बसले. बाहुल्यांकडे बघितलंत ते तुम्ही."