सिद्धीला कुशीवर कोण वळवायचं?

घटना खरी आहे. भुताखेतांवर विश्वास नसेल तर नका ठेवू. गौरवीचाही नव्हता.

गेल्या वर्षीचा मे महिना. गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारापासून जरा आत असलेलं तिचं सासर. आणि वेळ... भर दुपारची.

गौरवीची मुलगी सिद्धी चार वर्षांची. तिला एक दुर्मिळ जनुकीय आजार होता. नाव असं, की घरात कुणाला धड उच्चारता येत नसे. अंगावर पांढुरके डाग, बोलणं उशिरा. त्यात आता नवीनच सुरू झालं होतं. खेळता खेळता ती मध्येच थांबायची. नजर एका जागी. हाक मारली तरी ओ नाही.

"आकडी असू शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा झालं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. पडली तर कुशीवर वळवा, नाहीतर श्वास अडकतो. घराण्यात कुणाला असा त्रास होता का?"

"छे! कुणालाच नाही," गौरवीचा नवरा देवेश चटकन म्हणाला.

तो वास्कोला बंदरात नोकरीला. सोमवारी निघून गेला. घरात उरल्या गौरवी, सिद्धी आणि सासू पद्मावती.

त्या दुपारी गौरवी मागीलदारी कपडे वाळत घालत होती. आतून आवाज आला.

कुणीतरी पाय ओढत चालत होतं... सर्र... सर्र...

मग धप्प!

ती धावली. सिद्धी जमिनीवर. हातपाय झटके देत होते. तोंडाला फेस.

पण पोर उताणी नव्हती. कुशीवर होती.

आणि डोक्याखाली... उशी.

खोलीत कुणी नव्हतं. सासूबाई बाहेर पडवीत घोरत होत्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आधी ते पाय ओढणं, मग आकडी. आणि दर वेळी पोर कुशीवर.

गौरवीने मोबाईल जनेलाच्या गजांना टेकवून उभा केला आणि रेकॉर्डिंग लावून ठेवलं.

व्हिडिओत सिद्धी पडताना दिसली. क्षणभर काही नाही. मग पलंगावरची उशी आपोआप सरकली... सिद्धीचा फ्रॉक खांद्यापाशी चुरगळला, कुणी मुठीत धरावा तसा... आणि ती हळूहळू कुशीवर वळली.

मागून जड, बोबडा आवाज.

"भिया नको गो... भिया नको..."

गौरवीने तो व्हिडिओ सासूला दाखवला. पद्मावतीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुसुम..."

"कोण कुसुम?"

"देवेशाची थोरली बहीण. तिकाय असलेच डाग. अशीच पडायची. पाय ओढीत चालायची."

"कुठे असते ती?"

सासूबाईंनी खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"गेली. ह्याच खोलीत. पाव्हणे आले की आम्ही दार बाहेरून लावायचो. त्या दिवशी... तुझीच माणसां आलेली, देवेशाक बघूक."

गौरवीला ती दुपार आठवली. आपल्या माणसांबरोबर तीही बाहेर कोकम सरबत पीत बसली होती. आत काहीतरी आपटलं होतं. तिने विचारलं, तेव्हा देवेश हसून म्हणाला होता, "मांजर असेल."

वाड्यावरच्या घराघराला माहीत होतं. फक्त तिला नाही.

तिने देवेशला फोन लावला. "डॉक्टरांनी तोंडावर विचारलं होतं. का नाही सांगितलंत?"

"तू सोडून गेली असतीस."

"आणि सिद्धी गेली असती तर?"



दिवस मावळायच्या आत ती सिद्धीला घेऊन पेडण्याला माहेरी आली. डॉक्टरांना सगळं सांगितलं. औषधं सुरू झाली, आकड्या कमी झाल्या. अधूनमधून एखादी येतेच. तेव्हा गौरवीच तिला कुशीवर वळवते.

दिवाळीच्या आसपास देवेशचा फोन आला. आवाज चिरकलेला.

"त्या खोलीला आम्ही कुलूप घातलंय. पण दुपारी... आतून कुणीतरी दार ठोठावतं गं."



"मग उघडा ना," ती म्हणाली. "निदान ह्या वेळी तरी उघडा."

त्याने फोन ठेवला.

ते दार उघडलं की नाही, गौरवीला आजही ठाऊक नाही. विचारायची हिंमत होत नाही.