सहावी दोरी

"सोडा! अहो, सोडा ती दोरी!"

मी किंचाळले तोवर तो जमिनीपासून हातभर वर गेलासुद्धा! छप्पर दुरुस्तीला आलेला हा बाबा ते कुठे गळतंय ते बघायला आमच्या नेदरकूम गावच्या चर्चच्या मनोऱ्यात चढला होता, आणि सरावासाठी वर उलटी उभी करून ठेवलेल्या माझ्या अवजड घंटेची दोरी त्याने खुशाल ओढली. मग धप्पकन माझ्या पायाशी येऊन बसला आणि हसला... आई गं, ते हसू!

"मी रूफस. शिकवाल मला?"

"अवघड असतं ते."

"मग तर शिकवाच!"

आमच्या घंटा सहा, वाजवणारे पाच. म्हातारे वॉल्टर गेल्यापासून सहावी मुकीच होती. आमच्या म्होरक्या डिबेनबाईंनी त्याला लगेच तिथे जुंपलं. पाचवी माझी. दर मंगळवारी तो माझ्या शेजारी उभा!

"माझ्यामागून तुझी घंटा. माझ्या हातांकडे बघायचं, तोंडाकडे नाही."

"तोंडाकडे बघितलं तर?"

"चुकशील."

"चुकू दे की, विनी!"

पावसामुळे काम लांबतंय, असं तो म्हणायचा. नऊ आठवडे मी मनातल्या मनात पावसाला दुवा दिला. पण शेवटी छप्पर झालंच.

"उद्या प्रार्थनेआधी घंटा वाजवतो आणि निघतो," शनिवारी तो म्हणाला. "मालकांची गाडी येतेय."

आणि मी काय म्हणावं? "सांभाळून जा!" माझ्या जिभेला काय झालं होतं, देव जाणे.

रविवारी सहाही घंटा दणाणल्या. मी शेजारी बघितलं... हा चालला, आता कधीच दिसणार नाही... आणि चुकले. बारा वर्षांत पहिल्यांदा! घंटांचा नुसता गोंधळ झाला. सगळ्या गावाने ऐकला.

"थांबा!" डिबेनबाई गरजल्या. "विनी, लक्ष कुठंय तुझं?"

"त्याच्याकडे!" मी सांगूनच टाकलं. "रूफस, जाऊ नकोस ना. मला आवडतोस तू... फार आवडतोस."

खाली गाडीचा भोंगा वाजला. रूफस खिडकीकडे धावला.

"मालक, तुम्ही व्हा पुढे! मी इथेच राहतोय!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "किती वाट बघायला लावलीस गं! एकच पत्रा सहा वेळा काढून बसवला मी!"

"आणि तो पाऊस?"

"पाऊस चारच दिवस होता."

डिबेनबाईंनी हळूच नाक पुसलं. "दोऱ्या घ्या हातात. आणि तुम्ही दोघं... हातांकडे बघा, हातांकडे!"

हातांकडे कोण बघतंय!