जादा चौकोन

एकतीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले तराजू, कापडवाल्यांच्या पट्ट्या, तेलाची मापं तपासायची, बरोबर असली तर शिसाचं सील ठोकायचं, खोटी असली तर जप्त करायची. या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. कशाचीही मोजदाद केल्याशिवाय झोप न लागण्याची सवय, आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेला एक छोटा पितळी तराजू. ताई मला लहानपणापासूनच मापाडी म्हणायची. पुढे सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केलं, इतकंच.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती एकटी, मीही एकटी, म्हणून निवृत्तीनंतर मी तिच्या दोन खोल्यांत राहायला गेले. तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी मला कळलं, की फोनवर ती जे "थोडं हाताचं चाललंय" म्हणत होती ते थोडं नव्हतं. तिचे दोन्ही हात थरथरत होते. चहाच्या कपात वादळ उठायचं. आणि ज्या बाईने अख्ख्या नात्यागोत्यात गोधड्या शिवून वाटल्या, तिच्या सुईत दोरा जाईना.

"औषध घे, बरं वाटेल," असं डॉक्टर म्हणाले होते. ते त्यांनी खाली बघत म्हटलं होतं, त्यामुळे ताईने काय समजायचं ते समजून घेतलं. तिने शिवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि स्वतः दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागली.

टेबलावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात नऊ-नऊ तुकडे जोडून शिवलेले, सहा इंचांचे चौकोन होते. भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, तीन महिन्यांनी बाळ होणार होतं. त्या बाळाची ही गोधडी. सहा ओळी, ओळीला सात, म्हणजे बेचाळीस चौकोन हवे होते. मी डबा उघडून मोजले. सतरा.

"उरलेले पंचवीस मी शिवते," मी म्हणाले.

ताई, बहुधा वर्षभरात पहिल्यांदाच, पोट धरून हसली. "तू? तुला बटण लावता येत नाही. शाळेत तू रुमाल शिवलास तो बाबांनी चहाचं गाळणं म्हणून वापरला होता."

"मग शिकव."

ती उठून बसली. मला तेवढंच हवं होतं.

शिवणाची खोली रस्त्याच्या बाजूला होती. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर चाकं फिरवून बघण्याचा सर्र आवाज वर यायचा. टेबलाशी तीन खुर्च्या. एकीत ताई, हात काखेत दाबून. समोर मी. बाजूच्या तिसरीवर इस्त्रीचे कपडे. टेबलाखाली चिंध्यांची मोठी टोपली.

ताईसारखी खाष्ट मास्तरीण मी पाहिली नाही. "दोन इंचांचा तुकडा हवा तर अडीच इंचांचा काप. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो. खोटी मापं पकडायचीस ना? आता स्वतःचं पकड." मी शिवायची, ती बघायची. "हा चौकोन आहे की गोता खाणारा पतंग?" मी उसवायची. "टाके आहेत की बैल गेल्यावर उमटलेले खूर?" परत उसवायची. सगळ्यात कठीण होते कोपरे. चार तुकडे जिथे भेटतात तिथे चारही टोकं एका बिंदूत यायला हवीत. माझी चार टोकं म्हणजे भांडलेल्या चार जावा. एकीचं तोंड दुसरीकडे नाही.

दहा दिवसांत माझे पाच चौकोन झाले. सतरा आणि पाच, बावीस. रोज संध्याकाळी मी ते मोजून डब्यात ठेवत असे.

अकराव्या दिवशी ते तेवीस भरले.

मी परत मोजले. मग टेबलावर मांडून मोजले. ताईचे सतरा लगेच ओळखू यायचे, यंत्रात शिवल्यासारखे. माझे पाचही मला चांगले ठाऊक होते. तेविसावा माझ्यापेक्षाही वाईट होता. टाके कुठे लांब, कुठे तोकडे, एका जागी दोऱ्याचा गुंता करून त्यावरच पुढे शिवलेलं. कोणीतरी जन्मात पहिल्यांदा सुई धरली होती.

"ताई, तू प्रयत्न केलास का?" मी हळूच विचारलं. मला वाईट वाटत होतं.

तिने काखेतले हात काढून माझ्यासमोर धरले. ते पाण्यातल्या सावलीसारखे हलत होते. "दोरा ओवून दाखवू?" ती म्हणाली. मग चौकोन नाकाशी नेऊन बघितला. "तूच केला असशील. विसरली असशील."

मी विसरत नाही. पण त्या दिवशी तो चौकोन बाकीच्यांबरोबर डब्यात ठेवला.

पाच दिवसांनी अजून एक जादा चौकोन आला. त्यात गुंता नव्हता. आदल्या दिवशी ताई माझ्यावर ओरडली होती, "दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंततो." तिसऱ्यात टाके सारखे झाले होते. त्याच्या आधी तिने मला सकाळभर एका फडक्यावर नुसता धावदोरा घालायला लावला होता.

म्हणजे शिकवणी मला चालली होती आणि ऐकत अजून कोणीतरी होतं.

आता मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. डबा, टोपली, रीळ, सगळं तराजूवर घातलं. टोपलीचे भाग करून वजन केलं, कागदावर लिहिलं. खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. डब्याच्या कडीला तार ओवून त्यावर शिसाचं सील ठोकलं. सील ठोकायची जुनी पक्कड अजून माझ्याकडे होती. दोन दिवस खोली बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं. सील शाबूत होतं, त्यावरचा माझा निरीक्षक क्रमांकही. ते मी माझ्या हातांनी तोडलं.

डब्यात एक चौकोन जादा होता. त्याचं वजन साडेपाच ग्रॅम. टोपली आणि रीळ मिळून साडेपाच ग्रॅमनेच हलके झाले होते.

म्हणजे बाहेरून काही येत नव्हतं. कापड आमचं, दोरा आमचा. हात तेवढा आमचा नव्हता.

मी ताईला सगळं सांगितलं. ती घाबरेल, निदान देवाचं नाव घेईल असं मला वाटलं होतं. तिने तो चौकोन उलटा केला, शिवणींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हिचे कोपरे बघ, मापाडी. तुझ्या मागून सुरुवात करून तुझ्या पुढे गेली."

"हिचे म्हणजे कुणाचे?"

"जी कोण आहे तिचे. ती खुर्ची मोकळी कर. उभ्याने कोणी शिकतं का?"

तिसऱ्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे मी कपाटात ठेवले. तेव्हापासून ताई आम्हा दोघींना शिकवायला लागली. माझ्याकडे बघून बोलायची, मग मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे बघून तेच सांगायची, आणि तिच्याशी जरा गोडच बोलायची. "एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबून इस्त्री करायची, पुढच्या ओळीच्या उजवीकडे. म्हणजे ओळीला ओळ लावताना त्या एकमेकींत अडकून बसतात, कोपरा आपोआप जुळतो. कळलं ना गं? हिला नाही कळलेलं."

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती, पण घरात हसू परत आलं होतं. ताई सकाळी सहाला उठून केस विंचरून तयार बसायची. आपणहून औषध घ्यायची. भाची फोनवर म्हणाली, "मावशी, आईला काय खायला घालतेस? आवाज बघ कसा खणखणीत झालाय." मी काय सांगणार? एकतीस वर्षांत मी एकही तपास अर्धवट सोडला नव्हता. हा सोडला. पक्कड ट्रंकेत ठेवून दिली.

डबा भरत गेला. माझा एक, तिचा एक. माझेही कोपरे जुळायला लागले, कारण हरायला कोणाला आवडतं? पण तिचा चौकोन हातात घेतला की माझा गर्व उतरायचा. दहावा तर असा होता, की ताईच्या सतरांमध्ये मिसळला तर ताईलाही वेगळा काढता आला नसता.

अकराव्यात मात्र तिची चूक झाली.

दुपारची वेळ होती. खिडकीतून टेबलावर ऊन पडलं होतं. ताईने चौकोन डोळ्यांजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं. "ही मधली शिवण सैल सोडलीस. घाई झाली का? उसव बघू." तिने चौकोन तिसऱ्या खुर्चीसमोर ठेवला, जसा माझ्यासमोर ठेवायची तसा.

मी हसून चहाचा कप उचलला.

चौकोनातला एक टाका दिसेनासा झाला.

मग त्याच्या शेजारचा. दोरा कापडातून थोडा बाहेर आला आणि टेबलावर पडला. पुन्हा एक टाका. घाई नव्हती. नवशिकी उसवते तसं, कापड फाटू नये म्हणून जपून.

खाली चाक फिरत होतं. सर्र.

मी टाके मोजत होते. मला दुसरं काही करता येत नव्हतं. सतरा, अठरा, एकोणीस. शिवण उघडली. दोन्ही ओळी सुट्या झाल्या आणि वाकडा-तिकडा झालेला दोरा उन्हात पडून राहिला.

ताईचे ओठ सुकले होते.

"शाब्बास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकोन पुन्हा शिवलेला, डब्यात सगळ्यांत वर होता. शिवण घट्ट होती.

ताईचे सतरा, माझे चौदा, तिचे अकरा. बेचाळीस. मी ते जोडले, अस्तर लावलं, शेवटची कड दुमडली त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. आम्ही गोधडी घेऊन गेलो. बाळ इतकं लहान होतं की चार चौकोनांत मावलं. त्यावर पालथी मूठ ठेवून ते झोपलं, आणि ताईने आपला थरथरता हात त्या मुठीवर ठेवला. बाळाला तो हात हलतोय की झोके देतोय, काय फरक पडणार होता?

"मावशी, यातले तुझे कुठले गं?" भाचीने विचारलं.

"वाकडे दिसतील ते माझे."

तिने बराच वेळ शोधलं. "वाकडं एकही नाहीये."

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. बढतीच्या दिवशीही नाही.

घरी आल्यावर ताई शिवणाच्या खोलीत गेली आणि खुर्चीला म्हणाली, "संपलं बरं का. छान शिकलीस." मी टोपली उलटी करून झटकली, तिच्यात एक चिंधी उरली नव्हती. सुया, कात्री खणात ठेवल्या. तिसरी खुर्ची भिंतीशी लावली.

दोन दिवसांनी कपाटातल्या धुतलेल्या अभ्र्याला मधोमध एक भोक दिसलं. चौकोनी.

"झुरळ," ताई म्हणाली.

"झुरळाला काटकोन काढता येत नाही, ताई."

मी पट्टी लावली. अडीच इंच बाय अडीच इंच. त्याच संध्याकाळी पडद्याच्या खालच्या टोकालाही तसंच सापडलं.

सोमवारी दुपारी भाचीने बाळाचे फोटो पाठवले. शिवणाच्या खोलीत मी त्या भिंतीकडे पाठ करून बसले होते, ताई समोर. एका फोटोत बाळाने अशी काही जांभई दिली होती की आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

"खिडकी लाव ना," मी म्हणाले. "पाठीला गार लागतंय."

"खिडकी बंदच आहे."

ताई उठली आणि माझ्या मागे आली. मग तिचं हसणं थांबलं.

"हा सदरा सकाळपासून अंगात आहे ना तुझ्या?"

"हो. का?"

"काढ."

मी बटणं सोडली, सदरा काढून टेबलावर पसरला. निळा, सुती, मागच्याच महिन्यात घेतलेला. पाठीवर उजव्या खांद्याच्या जरा खाली एक चौकोन नव्हता. कात्री अगदी सरळ चालली होती.

मी नोकरीत सुती कापड खूप हाताळलंय. त्याची कापलेली कड अंगावर चार पावलं चालली, खुर्चीला एकदा घासली, की दोरे सोडते. मी सदरा खिडकीशी उजेडात नेला आणि चारही कडा एकेक करून नीट बघितल्या.

एकही दोरा अजून सुटला नव्हता.